दोघांना पुरेल एवढं सोनं

सातारा, ४ जानेवारी २०२२

ती. स्व. नाथादादांस,
शि. सा. न. वि. वि.

आई-आबांचे दोन्ही फोटो वर्षश्राद्धाच्या आत छापून देते. मिठाच्या पाण्यातून काढलेला कागद, त्यावर चांदीचा हात, मग ऊन. हे माझं रोजचंच. पण वर सोन्याचं पाणी दिलं नाही तर असा फोटो फिका पडत उडून जातो. तुमची विट्यात गलाईची, सोनं आटवून शुद्ध करायची भट्टी आहे, तर तेजाबात विरघळवलेलं थोडं सोनं बाटलीतून पाठवा. हात आखडू नका, दोघांना पुरायला हवं! वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवा.

तुमची धाकटी बहीण, शालू

विटा, २० मार्च २०२४

चि. सौ. शालूस,
अ. उ. आ.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आबांचा फोटो दोन वर्षांत पिवळा पडला, मिशा तर गेल्याच. शेजारी आई मात्र काल छापल्यासारखी ठसठशीत. परवा भाऊसोकाका आले, तर आबा कुठं गेलं रं, म्हणून मलाच विचारायला लागले. कागद खराब निघाला का? सोनं मी चोख पाठवलं होतं. दुसरा छापून दे. पोरांना आशीर्वाद.

तुझा दादा

सातारा, २ एप्रिल २०२४

ती. स्व. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

कागद चांगला होता, सोनंही चोख होतं. ते सगळं मी आईला दिलं.

छापताना तिचा गळा समोर आला. नुसते काळे मणी. तुमची भट्टी उभी करायला आबांनी तिची बोरमाळ घेतली आणि दिवाळीला परत करतो म्हणाले. तीस दिवाळ्या गेल्या. विचारलं की म्हणायची, ऱ्हाऊ दे, माझ्या नाथाचं बरं झालं न्हवं. तशीच पोचवली आपण तिला.

मला आबांचा राग आहे, दादा. ते गेले तरी आहे. दुसरा फोटो मी छापणार नाही. रागवा, पण माया तोडू नका.

शालू

विटा, १५ एप्रिल २०२४

चि. सौ. शालूस,
अ. उ. आ.

तुला माहीत नाही ते सांगतो. ती बोरमाळ मुशीत मीच टाकली. माझं पहिलं काम. मण्यांतली लाख जळाली, घरभर वास सुटला, आणि आई खाली मान घालून भाकरी थापत होती. मिळवायला लागलो की करून घालू, असं तेव्हा मनात होतं. पुढं जन्मभर लोकांचं सोनं आटवलं, तिच्यासाठी एक मणी केला नाही.

आबांचा फोटो उतरवलेला नाही. राहील तेवढा राहू दे.

पुढं कधीतरी माझाही छापशील. त्याला सोनं लावू नकोस.

तुझा नाथा