चराई बंद

१२ ऑक्टोबर २०२३, सकाळ
काकतीच्या माळावर शोध लागला. जांभळट पाकळ्या, मधे पिवळी टिकली. बाजारात हारासाठी अष्टर येतं, त्याचंच रानातलं भावंड. घोट्याएवढ्या गवतात दोनशे तरी झाडं. माझ्या पुस्तकात नाही. (पुस्तक एकच आहे, तेही हिमालयाचं.) म्हणजे नवीन जात. शोधणाऱ्याला नाव देता येतं म्हणे. ठरलं: चंद्राबाई. बायको जाऊन आठ महिने झाले. दुःख मी केव्हाच आवरलंय. हे निव्वळ सायंटिफिक काम.

१५ ऑक्टोबर
भरमूची मेंढरं ऐन फुलांत! तो म्हणाला, अण्णा, ती फुलं कडू हाईत, मेंढरं त्येला तोंड लावत न्हाईत, गवात तेवढं खात्यात. मी उद्यमबागेतल्या कारखान्यात बत्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल पाहिलं. दोष कुठे आहे ते एका नजरेत कळतं. दोष मेंढरांत आहे.

८ डिसेंबर
पंचायतीत चार हेलपाटे, शेवटी ठराव पास. तार लागली, बोर्ड लागला, कन्नडमध्ये आणि मराठीतही. भरमूला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवला: चराई बंद. बरं अण्णा, म्हणाला आणि मेंढरं वळवली. समंजस माणूस.

१ जानेवारी २०२४
संकल्प. रोज माळावर फेरी. लॅटिन नावं पाठ. गोड बंद.

४ जानेवारी
गोड चालू. बाकीचं उद्यापासून.

२० ऑक्टोबर
गवत मांडीला लागतंय. काय सुंदर वाढलंय! प्रोटेक्शनचा रिझल्ट. फुलं अकरा. तीनदा मोजली. पावसाचं वेळापत्रक बिघडलंय, दुसरं काय.
कॉलेजात बॉटनी शिकवणाऱ्या माधवी मॅडमना फोनवर सगळं सांगितलं, फोटो पाठवले. पुढच्या वर्षी फुलताना बघायला येते म्हणाल्या. एक फूल चंद्रीच्या फोटोला वाहावं असं फार वाटलं. तोडलं नाही. अकराच होती.

२८ सप्टेंबर २०२५
अजून एकही नाही. काळजीचं कारण नाही. उशिरा फुलतात.

६ ऑक्टोबर
मॅडम आल्या. गवत कमरेला. दोन तास शोधलं, एक पाकळी दिसली नाही. मी पाऊस सांगितला, हवामान सांगितलं, मोबाइल टॉवरसुद्धा सांगितला. मॅडम खाली बसल्या, गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं. म्हणाल्या, ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. हे आखूड गवतातलं फूल. पूर्वी इथे कोण चारायचं?
माहीत नाही म्हणालो.
फुलाला नाव शंभर वर्षांपूर्वीच मिळालंय. त्यांनी ते फोटोवरूनच ओळखलं होतं, मला सांगायचं जिवावर आलं होतं. पण एका जागी दोनशे झाडं त्यांनी कुठे पाहिली नव्हती, म्हणून आल्या होत्या. पुन्हा चराई सुरू झाली तर काही उगवेलही, म्हणाल्या. कदाचित.
चंद्रीच्या नावाचं फूल होणार नाही. आज जेवलो नाही.

९ ऑक्टोबर
भरमूच्या घरी गेलतो. तो वॉचमनच्या ड्रेसमध्ये, ड्यूटीवर निघालेला. त्याच्या बायकोनं, गुणाबाईनं चहा दिला. मेंढरं गेल्या वर्षीच विकली. माळ बंद झाल्यावर चारायची कुठं, ती म्हणाली.
मी म्हटलं, भरमू, माझं चुकलं. तू तेव्हा भांडला का नाहीस?
तो बूट घालत होता. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, तुमी शिकल्याली माणसं अण्णा. मला वाटलं, तुमास्नी ठावं असंल.
मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत ही ओळ एकदाही लिहिली नाही. उद्याचं काही ठरवलेलं नाही.