तारीख, वेळ, ठिकाण

प्रिय गुलाब,

गुरुवार, १४ ऑक्टोबर १९८२, सकाळचे साडेसात. मामाच्या ओसरीवर तेंदूपानं भिजवत होतो, हात पुसून लिहायला बसलो. तारीख-वेळ आधी लिहिली, कारण हायकोर्टाने माझी हद्दपारी त्याच मुद्द्यावर रद्द केली आहे. काल वकीलसाहेबांचं पत्र आलं. हे तू एकट्यानेच वाच.

नोटिशीत एवढंच होतं, की मी लोकांना धमकावतो आणि भीतीने कोणी उघड साक्ष देत नाही. कधी, कुठे, कोणाला, काही नाही. कोर्टाने म्हटलं, अशा नोटिशीला माणसाने उत्तर तरी काय द्यायचं? मी सातवी नापास. ठेकेदार बायकांच्या चांगल्या बिड्या खराब ठरवून छाटतो आणि ती छाट फुकट ठेवून घेतो, एवढा अर्ज लिहिला, त्रेसष्ट जणींचे अंगठे घेतले आणि गुंड ठरलो. चौदा महिने जिल्ह्याबाहेर. वैनगंगेच्या या काठावरून आपल्या गावचा धूर दिसतो, कोणत्या चुलीचा ते कळत नाही.

दर बाजाराला तूच डोंग्याने यायचास. आईने दिलेली लाखोरीची डाळ आणायचास, तिचा निरोप सांगायचास. आणि हळूच विचारायचास, "केवळराम, कोण बोलला असन रे पोलिसात? काही पत्ता लागला का?" मला वाटायचं, याला माझी किती काळजी!

निकालात गुप्त जबाबातलं एक वाक्य आलं आहे. साक्षीदार 'अ' म्हणतो, मी कैची उगारून त्याचं बोट कापायची धमकी दिली. त्यात दिवस नाही, जागा नाही. मला दोन्ही माहीत आहेत. गेल्या वर्षीच्या धुळवडीचा दुसरा दिवस, तलावाची पाळ. तू पानं वाकडी कापत होतास. मी म्हणालो, "पुन्हा वाकडं कापशील तं तुयं बोटच कापतो." तू हसत म्हणालास, "काप ना, मंग बिड्या का तुया बाप वळन?" तिथे आपण दोघेच होतो, तिसरी तुझी शेळी. जबाबात तुझं हसणं लिहिलेलं नाही.

त्याच पावसाळ्यात ठेकेदाराने तुला बिड्या तपासायला बसवलं. मी खूश झालो होतो, आता बायकांची छाट कमी निघेल म्हणून.

तुझं नाव मी अजून कोणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. सांगितलं तर त्या त्रेसष्ट जणी तुला त्यांच्या बिड्यांना हात लावू देणार नाहीत. म्हणून मला जे मिळालं नाही ते तुला देतो. हीच नोटीस समज. रविवार, १७ ऑक्टोबर, सकाळी नऊ, तलावाची तीच पाळ. आरोप वर लिहिला आहे. पोलिसांनी दरडावून सही घेतली असेल, घरात अडचण असेल, जे असेल ते तोंडावर सांग. तुझं ऐकल्याशिवाय मी काही ठरवणार नाही.

अजून तरी तुझाच,
केवळराम

ता. क. वकील व टायपिंग २८६ रुपये, कोर्ट फी व टपाल ५५.५०, एकूण ३४१.५०. बायकांची वर्गणी १२६. मामाचे १५०, ते देणे आहे. बाकी ६५.५० माझे. वर्गणीत तूही पाच रुपये दिले होतेस. ते वेगळे बांधून ठेवले आहेत. रविवारी सोबत आणतो.