तुझ्या आईचं बियाणं

बर्तंग खोरे
१४ सप्टेंबर १९८३

चि. ओशुर्मो हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. बकरी व्याली, तिला दोन पिल्लं झाली. चहात मीठ अजून तुझ्या आईच्याच मापानं पडतं, मग एकट्याला खारट होतो. तसाच पितो.

लिहायचं कारण बटाटे. काल काढणी झाली. अक्रोडाएवढे निघाले, तेही एका रोपाला तीन-चार. जुलैपासूनच पानं वर वळली होती. हातात चुरली तर कागदासारखी वाजायची. गेल्या सालीही पीक कमीच होतं, पण मला वाटलं, तिचा हात नाही म्हणून असेल. शेत तेच, पाणी तेच, शेणखत उलट जास्त घातलं. शेजारी म्हणतात, नजर लागली. तू तिथं काचेच्या नळीत झाडं वाढवतेस म्हणे, तर बघ तुझ्या नळीला काही कळतंय का. नवरूझमामदच्या ट्रकबरोबर पानं आणि चार बटाटे धाडतोय.

पत्र छोटं असलं तरी चालेल, पण पाठव.

तुझा बाबा इमोमदोद


दुशान्बे
२० ऑक्टोबर १९८३

ती. बाबांस ओशुर्मोचा सलाम वि. वि.

पानं पोचली. नजर नाही, बाबा. विषाणू आहे. त्याला जीव म्हणावं तर तो खात नाही, श्वास घेत नाही, आपणहून हलतही नाही. नुसता पडून राहिला तर काहीच नव्हे. पण माव्याचा किडा रोगट झाडाचा रस पितो, उडून चांगल्या झाडावर बसतो आणि सोंड खुपसताना विषाणू आत सोडतो. मग झाडाची पेशी स्वतःचं काम टाकून त्याच्यासारखेच हजारो घडवत बसते. रस वाहणाऱ्या नळ्या बिघडतात. पानानं केलेलं अन्न खाली उतरतच नाही. पान तट्ट भरलेलं आणि बटाटा उपाशी, म्हणून पान जाड होऊन वाजतं.

यावर औषध नाही. तो बटाट्यातच राहतो, लावला की नव्या रोपातही येतो. माणसाला त्याचा काही त्रास नाही, खुशाल खा. पण एकही लावू नका. आणि दर वसंतात आपल्याकडून बियाणं कोण कोण नेतं, त्या सगळ्यांना सांगा.

एक कळत नाही. आपल्या थंडीवाऱ्यात मावा फारसा टिकत नाही, हा रोगही नव्हता. कुणीतरी खालच्या सपाटीवरून बटाटे आणून लावले असणार. कुणी, ते आठवून कळवा.

वसतिगृहातली खोली गार आहे. तुमचे लोकरी मोजे घालून लिहितेय.

आपली ओशुर्मो


बर्तंग खोरे
१९ नोव्हेंबर १९८३

चि. ओशुर्मो हिस आशीर्वाद.

तुझी आई या घरात नवरी म्हणून आली तेव्हा ओढणीच्या गाठीत हे बटाटे घेऊन आली होती. चाळीस वर्षं ती निवडून निवडून बियाणं ठेवायची, अकरा घरांना वाटायची. आता मी ते उकडून खाऊ? आणि दारोदार जाऊन सांगू, की तिनं दिलेलं टाकून द्या?

कुणी आणले ते मला माहीत नाही. पुन्हा विचारू नकोस. बर्फ पडू लागलाय, रस्ता बंद होईल.

बाबा


दुशान्बे
८ डिसेंबर १९८३

ती. बाबांस सलाम वि. वि.

तुम्ही विचारू नकोस म्हणालात, म्हणून विचारत नाही. मला आठवलं तेच सांगते. आई गेल्यावर चाळिसाव्या दिवशी जेवायला माणसं फार येणार होती आणि घरातले बटाटे पेरणीसाठी राखलेले होते. मी इथल्या बाजारातून एक पोतं घेतलं. पूल वाहून गेला होता, म्हणून शेवटचा रस्ता पाठीवर घेऊन चढले. ते सगळे शिजले नव्हते ना, बाबा? उरलेले तुम्ही लावलेत ना?

म्हणजे रोग मी आणला. हे मी इथं कुणाला सांगू शकत नाही. दिवसभर दुसऱ्यांची पानं तपासते. मैत्रिणी विचारतात, घरून पत्र आलं का. मी हो म्हणते.

एक वाट आहे. कोंबाच्या अगदी टोकाशी रसाच्या नळ्या अजून तयार झालेल्या नसतात, तिथवर विषाणू पोचलेला नसतो. तेवढा खसखशीएवढा कण कापून नळीत वाढवता येतो. बहुतेक मरतात. तरी मोड आलेले पाच-सहा बटाटे पाठवा. रागावलेले असलात तरी पाठवा.

आपली ओशुर्मो


बर्तंग खोरे
२५ मार्च १९८४

चि. ओशुर्मो हिस अनेक आशीर्वाद.

सात उरले होते. तू पाठीवर आणलेले, टाकवेनात. भिंतीकडेच्या ओळीत लावले. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. तुला कळू नये म्हणून खोटं लिहिलं.

हिवाळाभर मी बियाणं खाल्लं. रोज चार-पाच, उकडून, मीठ लावून. पहिल्या दिवशी घास उतरेना. नंतर भूक लागली की खाऊ लागलो, याचीच लाज वाटली.

अकराही घरी जाऊन आलो. रोग मी आणला, असं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, तूही घेऊ नकोस. कुणी शिव्या दिल्या, कुणी चहा दिला. सब्झाली म्हणाला, की मेलेल्या बायकोच्या बियाण्यावर आळ घेतोस, तोंड दाखवू नकोस. आणि दार लावून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या चुलीवरून उकडल्या बटाट्यांचा वास आला. यंदा गावात सगळीकडे जवच पेरायचं ठरलंय.

सहा बटाटे लोकरीत गुंडाळून पाठवतोय. तेवढेच राहिलेत. आता माझ्याकडे कोणी बसायला येत नाही. तू लिहीत जा.

बाबा


दुशान्बे
१० एप्रिल १९८६

ती. बाबांस सलाम वि. वि.

गेल्या पत्रात आनंदानं लिहायचं टाळलं, कारण खात्री नव्हती. बेचाळीस टोकं कापली होती. सदतीस मेली. पाचांतली दोन निर्मळ निघाली, तीनतीनदा तपासली. त्या दोघांपासून वाढवलेले हे चोवीस बटाटे पाठवतेय. जर्दाळूच्या बीएवढेच आहेत, हसू नका.

गावात लावू नका. चुकून मागे राहिलेले जुने बटाटे तिथं उगवतील, मावाही असेल. उंचावर, वाऱ्यात, एकाच जागी लावा. तीन वर्षं कुणाला वाटायचे नाहीत. रोज प्रत्येक पान बघायला माणूस हवा, आणि शंका आली तरी रोप उपटायचं. असा माणूस मिळेल का?

मला यंदा रजा नाही.

आपली ओशुर्मो


वरचं कुरण
१६ जुलै १९८६

चि. ओशुर्मो हिस अनेक आशीर्वाद.

माणूस मिळाला. मीच आलोय. मेंढपाळांची जुनी दगडी झोपडी आहे, तिला छत घातलं. चोवीसच्या चोवीस उगवले. रोपांना पाणी आणायला अर्धा तास लागतो. वारा असा की टोपी बांधून बसावं लागतं, मावा कसला टिकतोय. पंधरवड्यानं सब्झाली गाढवावर पीठ घेऊन येतो. फारसं बोलत नाही, पण रोपं मोजून जातो. बाकीचे दिवस मी आवाज काढायचाच विसरतो. परवा खोकलो, तर मीच दचकलो.

काल एका रोपाचं खालचं पान कडेनं वळलेलं दिसलं. थंडीनं असेल. पाणी कमी पडलं असेल. दुपारपर्यंत त्याच्यापाशी बसून राहिलो. तू असतीस तर विचारलं असतं. मग मुळासकट उपटलं आणि जाळलं. संध्याकाळी नीट बघितलं, दुसऱ्या कुणाचं पान वळलेलं नाही. बहुधा ते चांगलंच होतं.

आता तेवीस आहेत. रजेचं पुन्हा विचारून बघ. बर्फ पडेपर्यंत मी इथंच आहे.

तुझा बाबा इमोमदोद