फाटलेला बॅनर आणि रफिकभाईची व्हॅन

२६ जानेवारी
भाषणाची सुरुवात जमली. ‘बजाजनगरच्या कामगार बंधूभगिनींनो, आपण हातानं बांधलेला प्रजासत्ताक दिनाचा बॅनर काल कुणीतरी फाडला.’ पुढचं वाक्य कागदावर नव्हतं: ‘तो हात आपल्याच गल्लीत शाळेची व्हॅन चालवतो.’ टाळ्या फार.
रफिकभाईला बॅनरखाली उभं बघितलं होतं. एवढंच.

२९ जाने.
व्हॅन जवळजवळ रिकामी गेली. मागे दोनच पोरं. आमच्या दारावरून जाताना रफिकभाईनं नेहमीसारखा हात केला. मी पेपर वर धरला.

१ फेब्रु.
समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात पंचवीस तारखेचं रेकॉर्डिंग बघितलं. पाण्याच्या टँकरच्या शिडीत दोरी अडकली, बॅनर उभा फाटला. रफिकभाई व्हॅन थांबवून तुकडे गोळा करत होता.
बायकोला सांगितलं. सुनंदा म्हणाली, ‘संविधानावर तासभर बोलता. एखाद्या साक्षीदाराला तरी विचारायचं.’
कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांना फोन. ‘सर, जाऊ द्या ना. लोक विसरतेत. तुम्हीच उकरलं तर मंडळाचं नाक कापलं जाईल.’

३ फेब्रु.
शब-ए-बरात. रफिकभाई चण्याच्या डाळीचा हलवा घेऊन दारात. या दिवशी ते लोक घरोघरी माफी मागतात, दरवर्षी येतो. यंदा येईल असं वाटलं नव्हतं.
‘भाऊ, कहा-सुना माफ करना.’
तो मागतोय. माझ्याकडे.
संक्रांतीला याच उंबऱ्यावर त्याला तिळगूळ दिला, गोड बोला म्हणालो. बारा दिवस टिकलं.
म्हणालो, चूक माझी आहे रफिकभाई, मलाच माफ करा.
‘मैंने तो कर दिया, भाऊ. पर वो बात आपने घर में नहीं बोली थी.’
गेला. हलवा झाकून ठेवलाय. तोंडात घालवेना.

५ फेब्रु.
व्हॅनच्या काचेवर कागद चिकटवलेला: विकणे आहे.
अध्यक्षांना कळवलं, रविवारी चौकातल्या सभेत माफी मागतो. निरोप आला: तुम्हाला माइक नाही.
सुनंदा: ‘आरोपाला माइक होता. माफीला घसा बसला का?’
माइकशिवाय उभा राहीन. लोक थांबतील की उठून जातील, कोण जाणे. वीस वर्षं बोलतोय, पहिल्यांदाच इतकं छोटं भाषण. एवढंच पाठ केलंय:
‘बंधूभगिनींनो, मी खोटं बोललो. बॅनर टँकरनं फाडला. उद्या सकाळी आपली पोरं रफिकभाईच्या व्हॅनमध्ये बसवा.’