सासऱ्यांची लेन्स आणि सव्वासात फूट

३ मार्च, रविवार. सकाळी १०
सासऱ्यांच्या कॅमेऱ्याची जुनी लेन्स घरी आणली. आतल्या काचेवर बुरशी धरलीय, कोळ्याच्या जाळ्यासारखी. द्यायला आढेवेढे घेत होते. मीच बघतो की, म्हणाले. या वयात काय बघणार? भिडस्त माणूस. जवळजवळ हातातून काढूनच घेतली.
३१ तारखेला त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतात. त्या दिवशी सगळ्या घराचा फोटो ते याच लेन्सने काढणार. ही म्हणाली, दुकानात द्या. हिला तांत्रिक गोष्टींतलं कळत नाही.

दुपारी ३
व्हिडिओ पाहिला. चाळीस मिनिटांचा होता. निम्मा पाहिला, तोही दुप्पट वेगाने. सारांश: खोलायचं, पुसायचं, बंद करायचं. येत्या रविवारी काम फत्ते.
संकल्प: प्रत्येक पायरीचा फोटो काढणे.

५ मार्च
पुढची रिंग हलेना. बरणीच्या झाकणाचं रबर लावून जोर केला. आधी टेबल फिरलं, मग रिंग. फोटो राहिला. हरकत नाही. शाळेत माझं पाठांतर चांगलं होतं.

६ मार्च
स्क्रू पडला. मोहरीएवढा. पालथा पडून टॉर्चने शोधत होतो. हिला वाटलं चक्कर आली. शेजारच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. त्यांनी बीपी घेतलं. जास्त आहे. स्क्रू सोफ्याखाली सापडला.

१० मार्च, रविवार
आतली एक रिंग उचलली. प्रकाश कमीजास्त करणारी सहा पाती असतात, म्हणजे अ‍ॅपर्चर, कांद्याच्या सालीसारखी पातळ. ती भसकन बाहेर. घाईघाईने उरलेला व्हिडिओ लावला. पहिलंच वाक्य: ही रिंग चुकूनही उचलू नका. हे सुरुवातीला नको सांगायला? शिकवायची पद्धतच चुकीची.
तेवढ्यात शिंक आली. पाच पाती सापडली.

११ मार्च
सहावं पातं ऑफिसात सापडलं. माझ्या कोपराला चिकटून आलं होतं. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, हे काय झालंय? म्हटलं, अ‍ॅपर्चर. त्यांनी काळजी घ्या म्हणून अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली.

१६ मार्च
फोकसचे आटे सोडवले. नळीत नळी फिरते. पण आटे सहा ठिकाणांहून सुरू होतात, म्हणून जिथे सुटले तिथे खूण करावी लागते. केली, पेन्सिलीने. मग बुरशी पुसली. काच चकाचक! त्याच उत्साहात स्पिरिटने नळीही पुसली. खूण गेली. स्वच्छतेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

२१ मार्च
सासऱ्यांचा फोन. लेन्स कशी आहे? म्हटलं, विश्रांती घेतेय. मग म्हणाले, तुमच्या सासूबाईंचा पहिला फोटो याच लेन्सने काढला होता. ती फोटोत कधी हसायची नाही, त्या दिवशी हसली. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली.
नंतर जेवण गेलं नाही. अ‍ॅसिडिटी असावी.

२९ मार्च
जोडली! दोन स्क्रू उरले. तेवढंच वजन कमी. फोकस फक्त सव्वासात फुटांवर लागतो. कन्या म्हणाली, बाबा, तुम्ही वाट लावलीत. तिला समजावलं की सगळ्यांनी सव्वासात फुटांवर उभं राहायचं. प्रश्न शिस्तीचा आहे.

३१ मार्च, रविवार
जमिनीवर चिकटपट्टी लावली. अकरा माणसं ओळीत. मेहुण्याचं पोट सात फुटांवर येत होतं. आत ओढायला लावलं. सासऱ्यांनी सवयीने फोकस फिरवला आणि लेन्सचा पुढचा अर्धा भाग त्यांच्या हातात आला.
मेहुण्याने पोट सोडलं.
सासरे खुर्चीत बसले. केकची ताटली बाजूला सारली. खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. आणलाच होता! उरलेले स्क्रू मागितले. दिले. आटे लावले, काढले, पुन्हा लावले. चौथ्या खेपेला बरोबर बसले. पाऊण तासात फोटो झाला. मला टॉर्च धरायला सांगितलं होतं. तोही सरळ धरा, असं दोनदा म्हणाले.
परतताना ही म्हणाली, बाबांनी तीस वर्षं जमीनमोजणीच्या दुर्बिणी दुरुस्त केल्यात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ही म्हणते, बावीस वर्षं सांगतेय.

७ एप्रिल, रविवार
सासऱ्यांनी बोलावलं. वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी फोटो दाखवला. सगळे स्पष्ट. मग म्हणाले, जावईबापू, हौस आहे तर रविवारी येत जा, शिकवतो. मलाही सोबत होईल.
मी एखादी मोठी झूम लेन्स खोलू या, असं सुचवलं. त्यांनी आजचा धडा ठरवूनच ठेवला होता: लेन्सचं झाकण लावणे आणि काढणे.
बारापर्यंत लावणं जमलं.