पन्हळ, साखळी आणि दगडाबाईचा पेला

लिहून ठेवते मी, द्वारकाबाई भ्र. तात्यासाहेब गायके, वय शहात्तर, राहणार गारखेडा, औरंगाबाद, ती अशी की: माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हा दस्त करण्यासाठी मला कोणी दम दिला नाही, कोणी गोडही बोलले नाही. मुलांनी बोलायला हवे होते, पण ते आपसातल्या वादात गुंतलेले आहेत.

वाद असा. थोरला बन्सी माळकरी. त्याचे म्हणणे, कलियुग आहे, माणूस बिघडत चालला; पूर्वीचे लोक धर्माला भिऊन होते. धाकटा रामकिसन चिकलठाण्याच्या कारखान्यात, युनियनवाला, देव मानत नाही. तो म्हणतो, शिक्षण आले, कायदा आला, माणूस सुधारतोच आहे. माझे जेवण होईपर्यंत ऐकते आणि उठते. एका गोष्टीत मात्र दोघांचे एकमत आहे: दारापुढे लिंबाखाली आपली पाणपोई आहे, तिथे दुकानाचे गाळे काढायचे. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

१. राहते घर आणि दारापुढची जागा तात्यासाहेबांनी हयातीतच बक्षीसपत्राने माझ्या नावावर केली. घर दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. मधे भिंत घालायची तर घाला, पण स्वयंपाकघरातून नको.

२. पाटल्या दोन्ही सुनांना एकेक. बँकेतली रक्कम नातींच्या शिक्षणाला. नातवांना मागायला येते, नातींना येत नाही.

३. माळ्यावर गोधड्यांमागे पत्र्याची हातभर पन्हळ आहे, ती बन्सीला. तो म्हणतो त्या चांगल्या काळातली आहे. पाडव्याला रांजण भरला की सासूबाई गावातल्या माणसांना पेल्याने पाणी देत, आणि वेशीबाहेरच्या वस्तीतल्या बायांना या पन्हळीतून, ओंजळीत, लांबून. धर्माला भिऊनच देत. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, कायदा आला. पन्हळ होती तिथेच. रामकिसनने ऐकावे, ती कायद्याने निघाली नाही. बन्सीनेही ऐकावे, कीर्तनानेही नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती गळायला लागली, पाणी वाया जाऊ लागले, म्हणून काढली. पुढे पाऊसपाणी झाल्यावर तात्यासाहेब ती शोधायला लागले, तेव्हा मी म्हणाले, "गंजून गेली आसंल." लपवली मीच होती, आणि बरे केले.

४. खुंटीवरची लोखंडी साखळी रामकिसनला. पन्हळ गेल्यावर सगळे एकाच पेल्याने पिऊ लागले, आणि पेले चोरीला जाऊ लागले. जुन्या काळी पेला रात्रंदिवस उघड्यावर असे, पण कोणी नेत नसे. शेवटी रामकिसननेच साखळी आणून पेला लिंबाला जखडला. बन्सी म्हणाला, "बघ, ह्ये तुझं सुधारणं!" आता ही साखळी आणि ती पन्हळ बैठकीत शेजारी शेजारी टांगावी, आणि पुढचा वाद दोघांनी त्यांच्याकडे बघत घालावा.

५. लिंबाखालची जागा, रांजणासह, पूर्ण मालकीने चतुराबाईला. पन्हळीतून पाणी पिणाऱ्या दगडाबाईची ही लेक. माझे गुडघे गेल्यापासून रांजण तीच भरते, कोणी न सांगता. परकीला जागा का, असे मुले विचारतील. पेला साखळीला बांधलेला पाहिला त्याच दिवशी ती घरून आपला पेला घेऊन आली. त्यावर तिच्या मायचे नाव कोरलेले. म्हणाली, "काकू, माय म्हणायची, पाणी लई गार व्हतं, पण पत्र्याचा वास यायचा. ह्यो पेला ठिवा. पण मायच्या नावाला साखळी लावू नगा."

साखळी काढली. पेला एकदा चार दिवस दिसेना, मग रांजणावर परत आला. बन्सी म्हणतो देवाने बुद्धी दिली, रामकिसन म्हणतो चारचौघांची लाज वाटली. मला पेला मिळाला, तेवढे पुरे. चतुराबाईने पाणपोई चालवावी अशी माझी इच्छा आहे, पण अट घालत नाही. साखळी एकदा लावून पाहिली आहे.

६. माणूस सुधारतो का, हे मला दोघांपैकी कोणी कधी विचारले नाही. शेवटच्या उन्हाळ्यात तात्यासाहेब लिंबाखाली खाटेवर पडून असत. पाणी मागितले, मी तोच पेला भरून दिला. त्यांनी नाव वाचले. हात थांबला.

"दगडाबाईचा हाय व्हय?"

"व्हय."

प्याले. पेला पुढे केला आणि म्हणाले, "आजून दे."

या माणसावर मी जन्मभर चिडले. त्या दिवशी आत जाऊन रडले, आनंदाने.

७. माझ्या तोंडात शेवटचे पाणी त्याच पेल्याने घालावे. मान थोरल्याचा. पण तिथेही दोघांचा वाद सुरू झाला, तर वाट बघू नये. चतुराबाईने घालावे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला. माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे.

सही: द्वारकाबाई भ्र. तात्यासाहेब गायके

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही केली:
१. पुंजाराम सांडू दांडगे, रा. गारखेडा
२. कडूबा आसाराम नवपुते, रा. चिकलठाणा

ठिकाण: औरंगाबाद
दिनांक: ६ एप्रिल १९९८