जागरणाच्या गोळ्या

सोलापूर, मंगळवार, फेब्रुवारी १९७३

मॅट्रिकच्या मुलींना आज जागरणाच्या गोळ्यांबद्दल सांगितलं. झोप उडते, पण डोकं भरकटतं, छाती धडधडते, मग गोळीवाचून चैन पडत नाही. मुली खाली बघून हसतायत. बाईंचा आणखी एक धडा! तेवढ्यात पद्मा उभी राहिली. विणकरांची पोर, एरवी वर्गात तोंड उघडत नाही.

"बाई, मी घेतली हुती की. पूर्वपरीक्षेला. लई भारी पेपर लिवला असं वाटलं. नंतर बघितलं तर पानंच्या पानं एकच ओळ."

एकच ओळ. तो पेपर मीच तपासला होता. ते थरथरतं अक्षर अजून डोळ्यांपुढून जात नाही. तिचं नाव मी घेणारच नव्हते. आपणहून बोलली. केवढं हे धाडस!

शाळा सुटल्यावर त्याच वर्गातल्या शकूनं कंपासपेटीतली गोळ्यांची पुडी माझ्या हातावर ठेवली. "पण बाई, मला पहाटे जागच येत न्हाई. अभ्यास कसा व्हायचा?"

दाराशी थांबलेली पद्माच म्हणाली, "आमचे माग पहाटेच सुरू होतात. मी येते की तुला उठवायला."

दोघी हात धरून गेल्या. मी घरी येऊन पुडी मोरीत रिकामी केली. आज कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.